लहान घर, दुसऱ्याचं मूल



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत आहे. घरी बसून मुलं सांभाळायचं काम सुरू करायचं आहे, शेजारच्या दोघीतिघींनी विचारलंही आहे, पण घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, तिला लागून ओटा आणि मोरी. एवढ्याशा जागेत कोण आपलं मूल ठेवील? आधी रंगकाम करावं का, भिंतीवर चित्रं लावावीत का, खेळणी किती आणावीत?

रंगकामाचे पैसे सध्या राहू द्या. मुंब्रा-कौसा, कुर्ला, भिवंडी, पुण्यातला कोंढवा, या सगळ्या वस्त्यांत पाळणाघरं अशाच खोल्यांतून चालतात, आणि मूल ठेवायला येणारी आई स्वतःही तशाच खोलीतून आलेली असते. ती भिंती पाहत नाही. जमीन कोरडी आहे का, घराला कसला वास येतो, तुमची स्वतःची मुलं तुमच्याशी कशी बोलतात आणि तिचं बाळ रडलं तर तुमच्या चेहऱ्यावर काय येतं, हे ती पाहते.

या आया कोण आहेत तेही लक्षात घ्यावं. कोणी दवाखान्यात नर्स, कोणी खासगी शाळेत शिक्षिका, कोणी कपड्यांच्या दुकानात, कोणी दोन-तीन घरी स्वयंपाकाला. 2017 पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि जिथे पन्नास किंवा त्याहून अधिक लोक कामाला आहेत तिथे मालकाने पाळणाघराची सोय करायची असते. पण दुकानात चार मुली कामाला असतील तर पाळणाघराचा कायदा तिथवर पोचत नाही, आणि घरकाम करणाऱ्या बाईला तर रजा हा शब्दच माहीत नसतो. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात, तीही काही तासच. सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन सकाळची लोकल पकडता येत नाही. मग उरतं शेजारचं घर.

पूर्वी हे काम नानी, खाला, फुफी करत. आता नानी गावाला आणि खाला स्वतःच नोकरीला. म्हणून शेजारणीला पैसे देऊन मूल ठेवावं लागतं, आणि इथेच आपल्याकडे काही जणींना संकोच वाटतो. मूल सांभाळण्याचे पैसे कसे मागायचे? सूरह बकरहच्या 233 व्या आयतीत दुसऱ्या स्त्रीकडून बाळाला दूध पाजवून घेण्याची मोकळीक आहे, आणि तिचा ठरलेला मोबदला रीतीने चुकता करण्याची अटही आहे. खुद्द आपल्या प्रेषितांचं (स.) बालपण हजरत हलीमा सादिया (र.) यांच्या घरी गेलं, आणि ते घर श्रीमंताचं नव्हतं. मोबदला घेणं कमीपणाचं नाही. घेतलेल्या मोबदल्याएवढं लक्ष न देणं कमीपणाचं आहे.

घर आवरायला घेण्याआधी घरातल्या माणसांशी बोला. हे आम्ही मुद्दाम आधी सांगतो, कारण बंद पडलेली बहुतेक पाळणाघरं जागेपायी नाही, घरच्यांच्या नाराजीपायी बंद पडतात. शोहर रात्रपाळी करून सकाळी झोपत असतील तर त्याच खोलीत तीन मुलं खेळणार कशी? सासूबाईंना दुपारची वामकुक्षी लागते, त्यांना रडण्याचा त्रास होतो, तर ते आधीच बोलून घ्यावं. कित्येकदा सासूबाईच सगळ्यांत मोठा आधार होतात, पण त्यांना विचारलेलं असलं पाहिजे. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आणि इमारतीच्या सोसायटीला आधी सांगावं. जिन्यात चपलांचा ढीग दिसू लागल्यावर सांगायला जाण्यात शहाणपण नाही.

आणि तुमची स्वतःची मुलं. शाळेतून दमून येणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला दिसतं की तिच्या उशीवर दुसरंच कोणी झोपलं आहे, तिची बाहुली तिसऱ्याच्या तोंडात आहे आणि अम्मीच्या मांडीवर चौथंच बसलं आहे. ती चिडणारच. तिला “मोठी आहेस ना, समजून घे” असं म्हणणं सोपं आहे, पण घर तिचंही आहे. तिच्या वस्तूंसाठी एक फळी उंचावर ठेवा. त्या फळीला पाळणाघरातलं कोणीही मूल हात लावणार नाही, तुम्हीसुद्धा तिला न विचारता तिथून काही काढून देणार नाही. शक्य झालं तर ती घरी येते त्या वेळेला पाव तास फक्त तिचा ठेवा. पाहुण्या मुलांना त्या वेळी झोपवायची सवय लावता येते.

आता खोली. एकदा दुपारी घरात कोणी नसताना जमिनीवर बसा, मग रांगा. हसू येईल, पण उंबरठ्यापासून मोरीपर्यंत रांगत गेल्याशिवाय दीड वर्षाच्या मुलाला काय दिसतं ते आपल्याला कळत नाही. दिवाणखाली ठेवलेली फिनाइलची बाटली दिसेल, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं रॉकेल दिसेल, गॅसची नळी, इस्त्रीची लोंबती वायर, उंदरांच्या औषधाची पुडी आणि सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी दिसेल. एरवी आपल्या लेखी या वस्तू “जागेवर” असतात. मूल आलं की ती जागा बदलावी लागते: सगळं वर, आणि वरच्या कपाटाला कडी. रॉकेल किंवा ॲसिड पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरणं तर कायमचं सोडून द्या, पाळणाघर असो वा नसो.

या सगळ्यांत आम्ही पहिला नंबर पाण्याला देतो. आपल्या वस्त्यांत पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून मोरीत पिंप, बादल्या, टब भरून ठेवलेले असतात. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. ते बादलीत वाकतं, डोकं जड असल्यामुळे तोल जातो आणि परत वर येता येत नाही. पिंपाला घट्ट बसणारं झाकण हवं, रिकाम्या बादल्या पालथ्या घातलेल्या हव्यात आणि मोरीच्या दाराला मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर कडी हवी. मोरीला दार नसून नुसता पडदा असेल, तर पाळणाघर सुरू करण्याआधी अर्ध्या उंचीचं तरी फळ्यांचं दार बसवून घ्या. तुमच्या पैशांचा पहिला खर्च हाच असावा.

स्वयंपाक मुलं यायच्या आधी उरकावा. ओटा त्याच खोलीत असतो, तेव्हा मुलं असताना तळण नको. फार तर खिचडी किंवा दूध गरम करणं, तेही मागच्या बर्नरवर, भांड्याचा दांडा आतल्या बाजूला. कडेवर मूल घेऊन चहा गाळू नये. खिडकीला गज असले तरी त्यांतलं अंतर पाहा, आणि दिवाण, खुर्ची, पेटी, ज्यावर चढता येईल असं काहीही खिडकीखाली ठेवू नका. बाहेरच्या दाराची कडी वर हवी. चाळीतलं आपलं दार दिवसभर सताड उघडं असतं, शेजारणी येत-जात असतात, त्यात मूल जिन्यापर्यंत कधी गेलं ते कळत नाही.

मग मधली जमीन मोकळी करा. लहान खोलीत स्वागत म्हणजे रिकामी जमीन. टीपॉय, मोठी खुर्ची, काचेचं शोकेस यांतलं जे हलवता येईल ते हलवा. दिवसा गाद्या-चादरींची वळकटी भिंतीला लावली की मुलांना टेकायला लोड मिळतो. खाली चटई, तिच्यावर जुन्या लुगड्यांची किंवा ओढण्यांची शिवलेली गोधडी. ती धुता येते, लवकर वाळते, आणि दोन असल्या की भागतं. एवढ्यावर खोली तयार झाली.

खेळण्यांवर पैसे घालू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या वस्त्यांत बालवाड्या चालवल्या त्या भोवतालच्या साध्या, फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर. आपल्या घरात वाट्या आहेत, चमचे आहेत, बाटल्यांची मोठी झाकणं आहेत, शिवणकामाच्या चिंध्या आहेत, रिकामे खोके आहेत. दोन वर्षांचं मूल डबा उघडण्यात आणि लावण्यात अर्धा तास रमतं. फक्त तोंडात मावेल एवढं बारीक काही नको: बिया, मणी, बटणं, आणि विशेषतः खेळण्यांतले किंवा घड्याळातले बटणासारखे चपटे सेल. तो सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा एक घटकाही वाट न पाहता इस्पितळात जायचं. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षंही देऊ नयेत. टीव्ही आणि मोबाइल लावला की मुलं गप्प बसतात हे खरं, पण गप्प बसवायला त्यांच्या आईने पैसे दिलेले नाहीत.

उंबरठ्यावरच्या पाच मिनिटांत दिवस कसा जाणार ते ठरतं. सकाळी आई घाईत असते, मूल तिच्या बुरख्याला किंवा साडीला धरून असतं. कित्येक जणी सल्ला देतात की मुलाचं लक्ष दुसरीकडे गेलं की हळूच सटकावं. आम्हाला हे पटत नाही. आई न सांगता गेली हे मुलाला दोन मिनिटांत कळतं, आणि मग दुसऱ्या दिवशी ते तिच्यावरची नजरच काढत नाही. तिने त्याला सांगून, सलाम करून किंवा टाटा करून जावं. ते रडेल. रडू द्यावं, उचलून घ्यावं, खिडकीतून रिक्षा दाखवाव्यात. पहिला आठवडा आईने शक्य असेल तर एक तास, मग दोन तास, मग अर्धा दिवस असं ठेवावं. हे तुम्हीच तिला सुचवा, कारण तिला सुटी मागायला संकोच वाटत असतो आणि तुम्ही सांगितलंत तर तिला आधार मिळतो.

भिंतीवर मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर एकेक गोल टोकाची खुंटी ठोका. हिची पिशवी इथे, त्याची तिथे. चित्र लावायचंच असेल तर खुंटीवर लावा: एकाला आंबा, एकाला होडी. ज्या मुलाला या घरात आपली खुंटी, आपला पेला आणि आपलं पांघरूण आहे, त्याला घर लवकर आपलं वाटतं. दीड-दोन वर्षांच्या मुलांना आईची जुनी ओढणी किंवा साडीचा तुकडा सोबत असला की झोप लवकर लागते. अगदी तान्ह्या बाळाजवळ मात्र सैल कापड, उशी काही नको, आणि त्याला पाठीवरच झोपवावं.

मूल तुम्हाला काय म्हणेल तेही ठरवा. खाला म्हणा, नानी म्हणा, मावशी म्हणा. अम्मी म्हणू देऊ नका, कितीही गोड वाटलं तरी. दिवसभर मेहनत करून परतलेल्या बाईने आपलं मूल दुसरीला अम्मी म्हणताना ऐकलं तर तिच्या काळजाला काय होईल?

लाडात आपण ज्या गोष्टी करतो त्यांबाबत दोन शब्द. नहाणं झालं की डोळ्यांत सुरमा घालणं ही आपल्या घरांतली मायेची रीत आहे. पण बाजारातल्या कित्येक सुरम्यांत आणि काजळांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. दुसऱ्याच्या मुलाला सुरमा, काजळ, तेलपाणी, घुट्टी यांतलं काहीही आईला न विचारता नको. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. मध शिफा आहे यावर आपला विश्वास आहेच, पण एवढ्या लहान आतड्यांना त्यातल्या काही जंतूंचं विष सोसत नाही. औषधाचा थेंबही आईने चिठ्ठीवर लिहून दिल्याशिवाय देऊ नये.

खाण्याचं तसंच. तुमच्याकडे शेजारच्या हिंदू, बौद्ध किंवा जैन घरातलंही मूल येईल, आणि यावंच. आमच्या पाहण्यातली कित्येक पाळणाघरं अशी मिश्र आहेत. त्याच्या आईला पहिल्याच दिवशी स्वच्छ विचारा: डबा तुमचा की जेवण आमचं? अंडं चालतं का? घरात मटण शिजलं असेल तर त्याच डावाने त्याला वरण वाढू नका. त्याने हट्ट केला, “मला पण दे” म्हणाला, तरी आईने नाही सांगितलेलं आहे तर नाही. तुमचं मूल दुसऱ्या घरी असतं आणि तिथे त्याला हलाल नसलेलं काही कोणी लाडाने भरवलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं, तेवढं आठवलं तरी पुरे. नमाजच्या वेळी मुलं शेजारी उभी राहून सजदा करतात, तेही आईला हसत सांगून ठेवावं, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही. आणि सजद्यात पाठीवर कोणी चढलं तर रागावू नये. प्रेषितांनी (स.) आपली नात उमामा (र.) हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा केली आहे आणि मागून बाळाचं रडणं ऐकू आलं की नमाज आटोपती घेतली आहे. मुलं जागी असताना तुम्हीही फर्ज अदा करा, नफ्ल नंतर निवांत.

रमजानचा विचार वेगळा करायला हवा. रोजा ठेवून दुपारी मुलांना भरवणं जड नाही, सवयीने होतं. जड जाते ती झोप. सहरीला उठलेल्या बाईचा दुपारी दोननंतर डोळा लागतो, आणि खोलीत दीड वर्षाचं मूल जागं असतं. त्या महिन्यात मुलं कमी घ्या, किंवा घरातलं दुसरं जाणतं माणूस दुपारी जागं राहील अशी वाटणी करा. ईदच्या सुट्या वर्षाच्या सुरुवातीलाच आयांना सांगून ठेवा. बकरी ईदच्या आधी जिन्याखाली बोकड बांधलेला असतो, मुलांना त्याचं फार वेड, पण कुरबानीच्या दिवसांत पाळणाघर बंदच असावं.

आता एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. घरात पुरुष असतात, दीर असतात, वयात येणारा मुलगा असतो, त्याचे मित्र येतात. दुसऱ्याचं मूल आपल्या घरात अमानत आहे. त्याला धुणं, कपडे बदलणं, झोपवणं हे तुम्हीच करायचं, दुसऱ्या कोणावर टाकायचं नाही. मुलांना घेऊन कोणी पुरुष एकटा खोलीत थांबणार नाही, दार लावून तर नाहीच, मग तो कितीही जवळचा असो. यात कोणावर संशय नाही. घरच्यांना असं सांगावं की हा नियम तुमच्याही इज्जतीसाठी आहे. मूल न्यायला बाप येत असेल तर दारात पडदा असू द्या आणि मूल दारातच सोपवा. मात्र आईला कधीही, न कळवता, आत येऊन पाहता आलं पाहिजे. पर्द्याचं कारण सांगून तिला दाराबाहेर ठेवू नका. ती अवेळी आली तर तुमचं तोंड वाकडं होता कामा नये. दाराच्या ज्या घरात तिला मुभा आहे त्या घरावर तिचा भरवसा आपोआप बसतो.

मूल पडलं, चावलं, ओरखडलं तर संध्याकाळी तुम्हीच आधी सांगा, तिने कपाळावरचं टेंगूळ पाहून विचारण्याआधी. एक वही ठेवा: किती वाजता खाल्लं, किती झोपलं, शी किती वेळा, पडलं तर कुठे. मोडकंतोडकं लिहिलं तरी चालेल, मराठीत लिहा की उर्दूत लिहा.

मुलं किती घ्यावीत? एकटी बाई आणि एक खोली असेल तर आमच्या मते चार, आणि त्यांत न चालणारी दोनहून जास्त नकोत. पैशाचा हिशेब मनात नको, कागदावर हवा: महिन्याचे किती, जेवण धरून की सोडून, उशीर झाला तर काय, मूल आजारी असेल तर आणायचं नाही, खाडे झाले तरी पैसे किती. नातेवाइकांशीही हेच. मामेबहिणीचं मूल आहे म्हणून लिहिलं नाही, असं करून नाती तुटतात, मूल मध्ये सापडतं. आणि पाचवं मूल घेऊन कोणी रडत आली तरी नाही म्हणता आलं पाहिजे. तिला दुसरं घर सुचवा.

सुरुवात एका मुलापासून करा, महिनाभर. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 108 आणि 112 लिहा, आयांचे आणि त्यांच्या कामाच्या ठिकाणचे नंबर लिहा, जवळच्या दवाखान्याचा पत्ता लिहा. घशात काही अडकलं तर काय करायचं हे जवळच्या डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून हाताने करून शिकून घ्या, नुसतं ऐकून ते येत नाही. आणि शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईशी आधीच बोलून ठेवा, कारण एका मुलाला उचलून तुम्हाला दवाखान्यात धावावं लागलं तर उरलेल्या तिघांजवळ कोणीतरी बसायला हवं. तिला महिन्याला थोडे पैसे द्या, किंवा तिच्या मुलाला फीमध्ये सवलत द्या, पण नुसतं “वेळ आली तर येशील ना” यावर सोडू नका.